डाव्या हाताचं सूत

कापसाची धामधूम सुरू झाली तेव्हा अख्ख्या वऱ्हाडाला घाई झाली होती, आणि त्यात सगळ्यांत जास्त घाई मला होती. मी अमरावतीच्या बाजारात कापसाचा दलाल होतो. घराणं मात्र भिक्षुकाचं. वडील सकाळी चार घरी पूजा सांगत आणि दुपारी ओसरीवर बसून टकळीवर जानव्याचं सूत कातत. त्यांच्या त्या संथपणाचा मला लहानपणापासून राग यायचा. दिवसभर बसून एक जानवं, हा काय धंदा झाला, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो. ते नुसते हसले. पुढे मी पोथ्या फडताळात ठेवल्या आणि कापसात उतरलो. घरात कुणाला विचारलं नाही. बायकोला तर सांगितलं तेसुद्धा अमरावतीला न्यायला गाडी दाराशी उभी राहिल्यावर. तिनं मुकाट्यानं भांडी बांधली.

पण रक्त कुठं जातं? कापूस पाहायला मी दमणीत बसून गावोगाव हिंडत असे. बैल आपल्या चालीनं चालायचे, त्यांना माझी घाई कळत नव्हती. दोन गावांमधला वेळ खायला उठायचा. एकदा वडिलांची टकळी बरोबर घेतली, करवंटीत टेकवली, पिंजलेल्या कापसाचे चार पेळू मांडीवर ठेवले आणि कातायला लागलो. मग ती सवयच झाली. लहानपणी नुसतं पाहून पाहून हाताला सगळं ठाऊक झालं होतं. दुसरे दलाल गंजिफा खेळायचे, कुणी तमाशाला जायचे, मी टकळी फिरवायचो. बाजारात माझी टिंगल व्हायची. "बोज्यानं कापूस विकते अन् चिमटीनं कातून राहिला!" असं ते म्हणायचे, आणि मीही त्यांच्यात हसायचो. वर्षाकाठी माझ्यापुरती जानवी निघायची, उरलेलं सूत बायको समईच्या वातींना घ्यायची. त्याचा यापेक्षा जास्त विचार मी कधी केला नव्हता.

विचार करायला वेळ कुठं होता? दूर अमेरिकेत लढाई जुंपली आहे आणि विलायतेतल्या गिरण्यांना आमचा कापूस हवा आहे, हे आम्हांला फार उशिरा कळलं. आधी कळला तो भाव. ज्वारीच्या वावरात लोकांनी कपाशी पेरली. अमक्या गावच्या पाटलानं गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव बसवली, अशी बोलवा उठली. ती धाव मी कधी पाहिली नाही, पण त्या गावाला गेलो की येणाऱ्याजाणाऱ्या चाकांकडे बघायचो एवढं खरं. पहाटेपासून अमरावतीत गाड्यांची रांग लागायची. माझा आवाज मोठा, पाय हलके, आणि शेतकऱ्यांचा माझ्यावर भरवसा. मी उभ्यानं जेवायचो. बायको ताट घेऊन दाराशी यायची आणि म्हणायची, "बसून जेवा नं जी, पोटात घास तरी पोचला पाहिजे." मी हात झटकून निघून जायचो. ते ताट पुन्हा आत नेताना तिचं तोंड कसं होत असेल, हे मी तेव्हा पाहिलं नाही. आता दिसतं.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोन दलाल समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरत. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबली, त्यावरून भाव कळे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. हात अर्थात उजवा. डावा हात पुढं करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. माझ्या बोटांचं बाजारात नाव होतं. रुई चिमटीत ओढून तिची लांबी सांगायची तीही याच बोटांनी, आणि रुमालाखालचा भाव ओळखायचा तोही यांनीच.

एका कार्तिकातल्या सकाळी पाणी पिता पिता तांब्या हातातून सुटला. मी तांब्यावर ओरडलो. शब्द वाकडा बाहेर पडला. पुन्हा ओरडायला गेलो तर जमिनीवर होतो, आणि बायको माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. उजवं अंग गेलं होतं.

वैद्यबुवांनी तेल दिलं, काढे दिले आणि सांगितलं की वर्षभर बाजाराचं तोंड पाहायचं नाही. बायको दोन्ही वेळा अंग चोळायची. हळूहळू पाय परत आला. तोंडही बरंचसं सरळ झालं. हात मात्र आला नाही. खांदा थोडा हले, कोपर नाइलाजानं वाके, पुढं नुसतं लाकूड. पी हळद अन् हो गोरी हा माझा स्वभाव. वर्ष कसलं, तीन महिन्यांत मी अंगरखा चढवला आणि उजवा हात उपरण्यात लपेटून बाजारात जाऊन उभा राहिलो. बायको दार अडवून उभी होती. मी तिला बाजूला केलं.

त्या दिवशी ज्याचा कापूस माझ्याकडे होता, तो शेतकरी दहा वर्षांपासून माझ्याशिवाय दुसऱ्या दलालाकडे गेला नव्हता. समोरच्या दलालानं रुमाल टाकला. मी डाव्या हातानं उजवा हात उचलून रुमालाखाली सारला, जणू सहजच. त्यानं बोटं धरली. मला काही म्हणजे काही कळलं नाही. दोन धरली की तीन, पेर कुठलं, काही नाही. मी सरळ म्हणायला हवं होतं की हाताला स्पर्श कळत नाही. तेवढे शब्द तोंडातून निघेनात. मी त्याच्या डोळ्यांत पाहून अंदाज बांधला आणि मान हलवली. रुमाल उचलल्यावर भाव जाहीर झाला, तो माझ्या अंदाजापेक्षा पुष्कळ खाली होता. मान हलवली की सौदा पक्का, हा बाजाराचा रिवाज.

शेतकरी माझ्याजवळ आला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या उपरण्यात लपवलेल्या हाताकडे पाहून तो म्हणाला, "मालक, हात चालत नोयता तं मले सांगाचं होतं. मी थांबलो असतो दोन मयने. कापूस काई सडत नोयता." त्याचं झालेलं नुकसान मी घरून भरून दिलं. त्यानं घेतलं, पण पुन्हा माझ्याकडे आला नाही. दुसऱ्या दिवशीपासून मीच गेलो नाही.

मेव्हण्यानं आम्हांला अकोल्याला नेलं. बायकोचं माहेर ते. मोर्णा नदीपासून जवळ, पुढं दोन खोल्या मोकळ्या होत्या, त्या त्यानं दिल्या. मेव्हणा भला माणूस, एका शब्दानं कधी बोलला नाही. पण सासुरवाडीच्या ओसरीवर बसून दोन वेळा जेवणाऱ्या माणसाला कुणी बोलावं लागत नाही, तो स्वतःच स्वतःला बोलतो. गावाबाहेर आगगाडीच्या रस्त्यासाठी मातीचे बांध पडत होते. लोक ते पाहायला जायचे आणि येऊन सांगायचे की आता मुंबई दोन दिवसांवर येणार. मला तर न्हाणीघरसुद्धा लांब होतं. मी चिडायचो, भाजीत मीठ कमी म्हणून चिडायचो, पाखरं ओरडतात म्हणून चिडायचो. एके दिवशी डाव्या हातानं घास सांडला तेव्हा मी ताट भिरकावून दिलं. बायकोनं भात गोळा केला, जमीन पुसली, आत गेली आणि टकळी घेऊन आली. ती तिनं माझ्या डाव्या हातात ठेवली.

"फेकाचीच हौस असन तं हे फिरवा," ती म्हणाली. "फेकून फेकून हात तरी बसन."

मी रागानं टकळी फिरवली. ती करवंटीतून उडून खांबावर आपटली. बायको हसली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी तिला एवढ्या जवळून हसताना पाहत होतो.

अडचण अशी होती की कातायला दोन हात लागतात. एकानं टकळी फिरवायची, दुसऱ्यानं पेळू धरून धागा ओढायचा. माझ्याकडे तर एकच हात. दोनचार दिवस मी पायाच्या बोटांत पेळू धरून पाहिला, गुडघ्यांत धरून पाहिला, माकडासारखे सगळे खेळ करून झाले. शेवटी ती माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली. तिचा उजवा हात माझ्या डाव्या हाताशेजारी आला. मी चुटकीनं टकळी फिरवली, तिनं पेळू धरून ओढला. वीतभर धागा आला आणि तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. मी म्हणायचो तू जोरात ओढतेस, ती म्हणायची तुमी घोड्यावर बसून फिरवता. दोन माणसांनी एका टकळीवर कातायचं म्हणजे एकानं श्वास घेतला तर दुसऱ्याला कळायला हवं. आम्हांला ते जमायला सहा महिने लागले. अमरावतीला सहा महिन्यांत मी तिच्याशी जेवढं बोललो नसेन, तेवढं त्या टकळीवर एका दुपारी बोलायचो.

अंगणात देवकापसाचं झाड होतं, तिच्या आजीनं लावलेलं. त्याचीच बोंडं आम्ही घ्यायचो. ती हातानं सरकी काढायची, पिंजायची, पेळू करायची. जानव्याला चार बोटांभोवती सुताचे शहाण्णव वेढे घ्यावे लागतात. तिथं माझा उजवा हात कामी आला. तो मांडीवर ठेवायचा आणि डाव्या हातानं त्याच्या चार बोटांभोवती सूत गुंडाळायचं. मेलेला हात निदान खुंटीचं काम तरी करायला लागला. मग तिपदरी पीळ, पुन्हा तिपदरी पीळ, आणि शेवटी ब्रह्मगाठ. ती गाठ डाव्या हातानं आणि दातांनी मारायला मी शिकलो. एका जानव्याला चार दिवस लागायचे. चार दिवसांत अमरावतीला मी शंभर बोजे इकडचे तिकडे केले असते. मजा अशी की त्या शंभर बोज्यांतला एकही मला आठवत नाही. अकोल्याचं पहिलं जानवं अजून डोळ्यांसमोर आहे. ओबडधोबड, मधे दोन ठिकाणी गाठाळलेलं, पण जानवं होतं.

वर्ष उलटलं आणि पाडव्याला तिच्या माहेरचे उपाध्ये गुरुजी पंचांग वाचायला आले. सत्तरीचे असतील. माझ्या बायकोला त्यांनी परकरात पाहिलेली, म्हणून मला ते जावईबापू म्हणत. त्यांनी आपली अडचण सांगितली. वऱ्हाडात त्या दिवसांत कापूस इतका की रस्त्यानं चाललं तर तळव्यांना चिकटायचा, आणि श्रावणातल्या पौर्णिमेला नवं जानवं घालायचं, त्यापुरतं सूत मिळेना. रुई सगळी मुंबईकडे जायची. कातणाऱ्या बायका रेच्याच्या यंत्रावर सरकी काढायला जात, कारण तिथं रोजच्या रोज मजुरी. बाजारात विलायती सूत आलं होतं, पण त्याला खळ कशाची लावतात कुणास ठाऊक. चरबीची लावतात असंही लोक बोलत.

"आता श्रावणीले एवढ्या यजमानांच्या गळ्यात मी काय घालू, सांगा," ते म्हणाले.

मी आत जाऊन एक जानवं आणलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते चिमटीत धरलं, बोटांवरून ओढलं, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा उजवा हात उपरण्याखाली होता.

"हात बरा झाला म्हणायचा," ते म्हणाले.

आणि मी म्हणालो, "हो."

दारात उभ्या असलेल्या बायकोनं एकदम माझ्याकडे पाहिलं. पण गुरुजी तोवर म्हणत होते की श्रावणीपर्यंत जेवढी होतील तेवढी करा, मी दक्षिणा देईन. दीड वर्षानं कुणीतरी मला काहीतरी काम सांगितलं होतं. तोंडातून गेलेला शब्द परत घ्यायचा तर ते कामही परत गेलं असतं. देवाच्या कामाला डावा हात कोण चालवून घेईल? पुन्हा ओसरी, पुन्हा सासुरवाडीचं ताट आणि मी.

ते चार महिने, खोटं असूनही, माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. सकाळी झाडाची बोंडं, दुपारी टकळी, संध्याकाळी पाय धरत धरत मोर्णेपर्यंत फेरी. शेजारणी वातींसाठी सूत मागायला लागल्या. कुणी बदल्यात तूप द्यायची, कुणी डाळ. याच दिवसांत बातमी आली की अमेरिकेतली लढाई संपली. भाव कोसळला. माझ्या ओळखीचे किती दलाल रातोरात बसले त्याला गणती नाही. बायको म्हणाली, "आपण आधीच पडलो होतो, मनून पडाचं वाचलं." मला हसू आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली, कारण बसलेल्यांत माझे सोबती होते.

धागा आता तलम येत होता, एकसारखा येत होता. मी कापूस पारखणारा माणूस, सुतात एवढंच बघत होतो. श्रावणी दोन दिवसांवर आली तेव्हा वेताच्या टोपलीत पंचवीस जानवी होती. मला ती टोपली पाहून पाहून समाधान होईना. तेव्हा बायको म्हणाली, "गुरुजीले सांगून द्या."

"काय सांगायचं?"

"हात डावा आहे मनून. त्यायनं इचारलं तवा तुमी हो मनलं. मी तवापासून जीव मुठीत धरून कातून राहिली."

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, कुणाला कळणार आहे? ती टोपलीतली जानवी सारखी करत राहिली. मग मलाच अमरावतीचा रुमाल आठवला, आणि त्या शेतकऱ्याचं 'थांबलो असतो' म्हणणं. एकदा लपवलेल्या हातानं एकाचं नुकसान केलं. आता पंचवीस माणसांच्या गळ्यात तोच हात घालायला निघालो होतो. दुपार व्हायच्या आत मी टोपली काखेत मारली आणि गुरुजींच्या घरी गेलो.

ते देवघरासमोर बसले होते. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उपरणं काढलं, डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि सोडून दिला. तो पडला.

"गुरुजी, पाडव्याला मी खोटं बोललो. हात गेलेलाच आहे. हे सगळं डाव्या हातानं कातलंय, आणि धागा ओढणारा हात माझ्या बायकोचा आहे."

गुरुजींनी हातातली माळ खाली ठेवली. मग म्हणाले, "मले मालूम आहे जावईबापू. पाडव्यालेच समजलं."

त्यांनी गळ्यातलं जुनं जानवं चिमटीत धरून उजवीकडे वळलं. ते घट्ट झालं. मग माझ्या टोपलीतलं एक घेतलं आणि तसंच उजवीकडे वळलं. ते उकललं. नऊच्या नऊ पदर सुटे झाले. उजव्या हाताच्या चुटकीनं टकळी एका अंगानं फिरते, डाव्या हाताच्या चुटकीनं उलट्या अंगानं. माझा सगळा पीळ उलटा पडला होता. वर्षभर रोज फिरवत होतो, आणि ही एवढी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

"हे मी कोणाच्या गळ्यात घालू शकत नाही," ते म्हणाले आणि मागच्या फडताळातून एक पुडकं काढलं. विलायती सुताची जानवी. त्यांनी ती आधीच करवून ठेवली होती.

माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्या माणसावर मी ओरडलो. चार महिने मला राबवलंत, आम्ही दोघं रोज तुमच्या कामासाठी बसलो, आणि तुम्ही हे पुडकं बांधून ठेवलं होतंत? पाडव्याला का नाही बोललात?

गुरुजींचे डोळे भरून आले. "कसं बोलू? तुमच्या तोंडावर हसू होतं. आमची पोर दारात उभी होती, तिच्या तोंडावर बी होतं. ते माझ्यानं मोडवलं नाही. वाटलं, कातू द्या, दिवस चांगले जातील. तुमची जानवी मी समईला वाती मनून जाळली असती, तुमाले कळू दिलं नसतं."

मी खाली बसलो. मग त्यांनी पोथी काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पीळ कुठल्या अंगाचा असावा हे त्यात होतं. पदर किती, वेढे किती, गाठ कोणती, सगळं होतं.

"हात कोणता, ते कुठंच नाही लिहिलं," गुरुजी म्हणाले. "डावा चालते. टकळी तेवढी उलट्या चुटकीनं फिरवा. पाडव्याले तुमी खरं सांगितलं असतं, तं मी हे तवाच दाखवलं असतं."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत बसलो. मी लाजेपोटी गप्प, ते मायेपोटी गप्प, आणि चार महिन्यांचं काम वातीला गेलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. ती टोपलीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "चला, दोन दिवस हायत." उलटी चुटकी म्हणजे अंगठा बाहेरून आत ओढायचा. बोटं ऐकेनात. टकळी पुन्हा खांबावर जाऊन आपटायला लागली. अंगठ्याचं कातडं सोलवटलं, त्यावर तिनं तूप लावलं आणि पुन्हा पेळू धरला. एरवी आम्ही दुपारचेच बसायचो, ते दोन दिवस आणि रात्री समई लावून आम्ही उठलो नाही. चौघांना पुरेल इतकी शिवीगाळ मी त्या टकळीला केली. पौर्णिमेच्या सकाळी दोन जानव्यांची एक जोडी झाली. मी ती उजवीकडे वळून पाहिली. घट्ट झाली.

श्रावणी मोर्णेच्या काठी देवळात होती. गुरुजींनी सगळ्यांना विलायती सुताची जानवी वाटली आणि आमची जोडी वेगळ्या तबकात ठेवली. एका बड्या यजमानानं ती उचलून पाहिली. "हे हातचं दिसते. कोणाचं हो?"

गुरुजींनी हातातली पळी ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझं," मी म्हणालो. "डाव्या हाताचं. उजवा गेलाय माझा. आणि पेळू माझ्या बायकोनं धरला होता."

कुणीतरी खुसखुसलं. कुणी म्हणालं, डाव्या हाताचं कसं चालन? गुरुजींनी पोथीतली ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली आणि जोडी माझ्या पुढ्यात धरली. जानवं डाव्या खांद्यावरून घ्यायचं आणि उजवा हात त्यातून बाहेर काढायचा. माझा हात कोपरापुढं उचलेना. इतके दिवस घरी बायको काढून द्यायची. सत्तरीचे गुरुजी पुढं वाकले, माझा निर्जीव हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट जपत जानव्यातून बाहेर काढला. मी रडत होतो, आणि ते मी लपवलं नाही.

सगळं आटोपल्यावर त्या बड्या यजमानानं मला गाठलं. पुढच्या श्रावणीला त्यांच्या घरच्या सगळ्यांची जानवी माझ्याकडून हवी होती. त्यांचं ऐकून आणखी चौघं आले. चाळीस जोड्या. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. म्हणालो, घरी विचारून सांगतो. कापसाच्या बाजारात मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

बायको दारातच उभी होती. माझ्या गळ्यातल्या जोडीकडे तिनं पाहिलं, पण आधी विचारलं ते वेगळंच. "कोणी काई बोललं?"

"बोलले. हात कुणाचा म्हणून विचारलं. मी सांगितलं, डावा माझा आणि उजवा तुझा."

"चारचौघांत?"

"चारचौघांत."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी तिला चाळीस जोड्यांचं सांगितलं. म्हणालो, वर्ष जाईल. रोज बसावं लागेल. माझ्या एकट्याच्यानं एक वेढासुद्धा व्हायचा नाही. मग मी विचारलं, "बसशील का माझ्याबरोबर?"

आमच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती. गाव बदललं, धंदा बदलला, घर सोडलं, आणि त्यातलं काहीही मी तिला विचारून केलं नव्हतं. ते तिलाही त्याच क्षणी आठवलं असावं. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि तिचे डोळे भरले होते तरी ती हसत होती.

"बसीन," ती म्हणाली. "पण तुमी इचारलं मनून बसीन."